झाकली मूठ आणि पहिला नंबर

दरडोई गुन्ह्यांत जगात पहिला कोण, या प्रश्नाचं उत्तर व्हॅटिकन असं येतं. दरडोई वाइनच्या खपातही काही वर्षं व्हॅटिकनच सगळ्यांच्या पुढे होतं, माणशी वर्षाला ७० लिटरांहून जास्त. शिवाय या राष्ट्राचं क्षेत्रफळ अवघं ०.४४ चौरस किलोमीटर असल्यामुळे तिथे दर चौरस किलोमीटरमागे सव्वादोन पोप भरतात. २०१३ मध्ये बेनेडिक्ट सोळावे पायउतार होऊन तिथेच राहू लागले. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस त्यांचं निधन होईपर्यंत पोपांची घनता साडेचारवर गेली होती.

असल्या याद्या आपण सगळेच चवीने वाचतो. मीही वाचतो. त्या खोट्या असतात अशी माझी तक्रार नाही. बहुतेक वेळा त्या खऱ्याच असतात, आणि अडचण नेमकी तिथे आहे. खोटा आकडा आज ना उद्या कोणीतरी उघडा पाडतो. खरा आकडा भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून फिरायला लागला की त्याला कोण अडवणार? पोपच्या घनतेवर आपण हसतो, कारण त्यातला विनोद दिसतो. पण त्याच भागाकारातून निघालेला दुसरा एखादा आकडा संसदेत फेकला जातो, त्यावर मथळे होतात, त्याच्या जोरावर कुठल्या देशात पैसा लावायचा हे ठरतं, आणि तिथे हसू येत नाही. म्हणून माझं म्हणणं थोडं टोकाने मांडतो. देशांच्या विक्रमांमधून देशापेक्षा मोजणाऱ्याबद्दल जास्त कळतं. आणि यादी वाईट गोष्टींची असेल, तर जो देश नीट मोजतो तोच बहुधा वर जाऊन बसतो.

आधी व्हॅटिकनचा उलगडा करू, कारण त्यात निम्मा धडा आहे. रहिवासी हजाराच्याही आत. बघायला येणारे वर्षाला लाखोंनी. सेंट पीटरच्या चौकात पाकीटमारांची चंगळ असते. चोरही बाहेरचा आणि ज्याचा खिसा कापला जातो तोही बाहेरचा. गुन्हा मात्र व्हॅटिकनच्या खात्यावर पडतो, आणि भागायला घेतले जातात ते तिथे राहणारे मूठभर पाद्री, नोकर आणि स्विस पहारेकरी. वाइनचंही तेच. तिथल्या दुकानात कर नाही, त्यामुळे गिऱ्हाईक फक्त रहिवासी नसतं; आणि रहिवाशांत मुलं जवळजवळ नाहीत. अंशात एक जमाव, छेदात दुसराच. शाळेत अपूर्णांक शिकवताना अंश आणि छेद एकाच वस्तूचे असावेत एवढं तरी सांगतात. जागतिक क्रमवारीत हा नियम सर्रास मोडला जातो.

लक्झेंबर्ग हे याचं फार सभ्य उदाहरण. दरडोई उत्पन्नाच्या यादीत हा देश कायम अगदी वर असतो. तिथल्या नोकरदारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून सीमा ओलांडून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांनी दिवसभरात कमावून दिलेलं उत्पादन लक्झेंबर्गच्या जीडीपीत धरलं जातं. माथी मोजायची वेळ येते तेव्हा ते आपापल्या देशात जेवायला बसलेले असतात. लक्झेंबर्ग श्रीमंत आहेच, त्यात वाद नाही. पण किती श्रीमंत, हे ती यादी सांगत नाही.

आयर्लंडची गोष्ट त्याहून रंगतदार. जुलै २०१६ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं की २०१५ मध्ये देशाची अर्थव्यवस्था २६.३ टक्क्यांनी वाढली. त्या वर्षी आयर्लंडमध्ये काही चौथाई कारखाने जास्त उभे राहिले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती, बस. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी आयरिश लोककथेतल्या सोनं लपवणाऱ्या बुटक्यांची आठवण काढून याची टर उडवली. मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच, २०१७ पासून, ही सूज वजा करून एक वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली. जगातला जवळपास सर्वात झळकणारा विक्रम हातात असताना 'हा आमच्या खऱ्या कमाईचा आकडा नाही' असं सांगणारं सरकारी खातं विरळाच.

मृत्युदराची यादी पाहिली तर आणखी गोंधळ उडतो. हजार लोकांमागे वर्षाला सर्वात कमी मृत्यू होणाऱ्या देशांत कतार आहे; तिथे हा दर दोनाच्याही खाली असतो. जपानमध्ये तो बाराच्या वर आहे. म्हणजे जपानी माणूस कतारच्या माणसाच्या सहापट वेगाने मरतो का? जपानमधलं सरासरी आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास, जगातल्या सर्वोत्तमांपैकी. खरी गोष्ट अशी, की कतारमध्ये राहणारे बहुसंख्य लोक बाहेरून कामाला आलेले तरुण पुरुष आहेत. तिथे एका बाईमागे जवळजवळ तीन पुरुष, हाही एक विक्रमच. हे कामगार म्हातारे होतात ते नेपाळमध्ये, बांगलादेशात, भारतात, आणि मरतातही तिथेच. ज्याने आपले म्हातारे जगवले त्या देशाचा मृत्युदर फुगतो आणि ज्याने म्हातारपण दुसऱ्याच्या दारात पाठवलं त्याचा उतरतो. हे कळायला अवघड नाही. तरी यादी छापणारा वयाचा स्तंभ छापत नाही.

दरडोई विक्रमांमध्ये आणखी एक गंमत आहे, आणि ती गणिताची आहे. लोकसंख्या लहान असली की सरासरी दोन्ही टोकांना भरकटते. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वात कमी असलेले जिल्हे शोधले तर ते बहुतांशी ग्रामीण, विरळ वस्तीचे निघतात. मोकळी हवा, ताजं अन्न, असं स्पष्टीकरण लगेच सुचतं. मग सर्वात जास्त प्रमाण असलेले जिल्हे शोधले, तर तेही ग्रामीण, विरळ वस्तीचेच निघतात! हजार माणसांच्या जिल्ह्यात एक रुग्ण निघाला तर प्रमाण आकाशाला भिडतं, नाही निघाला तर शून्य. अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३० च्या सुमारासच यामागचं सूत्र मांडलं होतं: नमुना जितका लहान, तितकी सरासरी लहरी.

देशांनाही हेच लागू आहे. दरडोई नोबेल पुरस्कारांत सेंट लुशिया हे कॅरिबियन बेट कायम आघाडीवर दिसतं. लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, पुरस्कार दोन: १९७९ मध्ये अर्थशास्त्रासाठी आर्थर लुईस आणि १९९२ मध्ये साहित्यासाठी डेरेक वॉलकॉट. योगायोग असा की दोघांचाही जन्म २३ जानेवारीचा. त्या बेटावरच्या २३ जानेवारीत काही जादू आहे असं कोणी म्हणत नाही, पण तिथल्या शिक्षणपद्धतीत ती असावी असं मात्र म्हणू शकतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं. २०१२ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्झ मेसर्ली या डॉक्टरांनी २३ देशांचा तक्ता काढून दाखवलं की जिथे माणशी चॉकलेट जास्त खाल्लं जातं तिथे माणशी नोबेलही जास्त मिळतात. स्वित्झर्लंड दोन्हींत अव्वल. लेखाचा सूर अर्धा थट्टेचा होता. जगभरच्या बातम्यांचा सूर तसा नव्हता.

इथपर्यंतचे दोष निरुपद्रवी म्हणता येतील. कोणाचा किनारा किती लांब, कोणाकडे बेटं किती, यातही तसंच. लुईस फ्राय रिचर्डसन या शास्त्रज्ञाला स्पेन आणि पोर्तुगालमधल्या एकाच सीमेच्या दोन लांब्या सापडल्या, एक ९८७ किलोमीटर आणि दुसरी १,२१४. मोजपट्टी जितकी छोटी, तितकी वाकडी रेषा लांब होत जाते. १९६७ मध्ये बेन्वा मांडेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याच्या निमित्ताने हेच कोडं गणिताच्या मुख्य प्रवाहात आणलं. भारताचा किनारा अनेक दशकं ७,५१६ किलोमीटर होता. जास्त बारकाईचा नकाशा घेऊन पुन्हा मोजल्यावर तो ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्र तिथेच होता. जपानने २०२३ मध्ये बेटांची नव्याने मोजणी केली आणि ६,८५२ ची १४,१२५ झाली, एक इंचही जमीन न वाढता. स्वीडन तर छोटे खडकही धरतं, म्हणून त्याच्याकडे अडीच लाखांहून जास्त बेटं आहेत आणि तो यादीत पहिला. यातून कोणाचं नुकसान होत नाही. स्पर्धापरीक्षा देणाऱ्या मुलांचं होत असेल, तेवढंच.

नुकसान सुरू होतं ते माणसांच्या दुःखाचा हिशेब मांडताना.

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या दरडोई मृत्यूंत बेल्जियम जगातल्या मोठ्या देशांमध्ये सर्वात वर गेला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषदेत तक्ता दाखवला, त्यात बेल्जियमचा खांब सर्वात उंच. वास्तविक त्या छोट्या देशाने एक अवघड निर्णय घेतला होता: वृद्धाश्रमात कोविडसारखी लक्षणं होऊन कोणी गेलं, तर चाचणी झालेली नसली तरी ते कोविडचा मृत्यू म्हणून धरायचं. त्याच्या यादीतले निम्म्याच्या आसपास मृत्यू वृद्धाश्रमांतले होते. शेजारचे काही देश तेव्हा फक्त रुग्णालयातले, चाचणी झालेले मृत्यू मोजत होते. त्यांचे म्हातारेही मरत होतेच, फक्त स्तंभात येत नव्हते. पुढे एकूण मृत्यूंची दरवर्षीच्या सरासरीशी तुलना झाली तेव्हा बेल्जियमचा आकडा सत्याच्या बराच जवळ होता हे दिसलं. पण तोपर्यंत 'सर्वात वाईट' हा शिक्का बसून गेला होता.

पेरूचं उदाहरण त्याहून ठसठशीत. ३१ मे २०२१ रोजी पेरूच्या सरकारने तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल मान्य केला आणि कोविडच्या मृत्यूंचा आकडा ६९,३४२ वरून थेट १,८०,७६४ केला. एका दिवसात पेरू दरडोई मृत्यूंत जगात पहिला झाला. त्या दिवशी पेरूमध्ये साथ भडकली नव्हती. त्या दिवशी पेरूने खरं सांगितलं होतं. त्याच काळात तुर्कमेनिस्तान आपल्याकडे एकही रुग्ण नाही असं सांगत होता, आणि उत्तर कोरियानेही मे २०२२ पर्यंत तेच सांगितलं. यादीत हे दोघे सर्वात सुरक्षित. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आकडेवारीच्या जगात शब्दशः खरी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी अंदाज काढला: साथीमुळे झालेले जादा मृत्यू सुमारे १ कोटी ४९ लाख, आणि देशांनी कळवलेले कोविडचे मृत्यू ५४ लाख. भारतासाठीचा अंदाज ४७ लाखांचा होता, अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजारांचा. भारत सरकारने त्या पद्धतीवर कडाडून हरकत घेतली. पद्धतीवर वाद व्हायलाच हवा. पण जगभरचे सुमारे पंचाण्णव लाख मृत्यू कुठल्याही देशाच्या खात्यावर नाहीत, हे त्या वादानंतरही उरतंच.

स्वीडनच्या बलात्कारांच्या आकड्यावर गेली पंधरा-वीस वर्षं जगभर राजकारण चाललं आहे. नोंदलेल्या बलात्कारांचं प्रमाण युरोपात सर्वाधिक असलेल्या देशांत स्वीडन येतो, हे खरं आहे. आता तिथली नोंदीची रीत पाहा. तक्रार आली की त्याच क्षणी गुन्हा धरला जातो. पुढे खटला टिकतो की नाही याची वाट पाहिली जात नाही. एखादी स्त्री म्हणाली की नवऱ्याने वर्षभर जवळजवळ रोज बलात्कार केला, तर ती तक्रार एक राहत नाही, तिचे शेकडो गुन्हे नोंदले जातात. इतर अनेक देशांत तिथे एकच आकडा पडला असता, आणि जिथे नवऱ्याने केलेला बलात्कार कायद्याने गुन्हाच नाही तिथे शून्य. २००५ मध्ये स्वीडनने झोपेत किंवा नशेत असलेल्या व्यक्तीचा गैरफायदा घेणंही बलात्कारात आणलं, २०१८ मध्ये संमती नसणं एवढंच पुरेसं मानलं. प्रत्येक सुधारणेबरोबर आकडा चढला. स्वीडनमध्ये सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नये. तिथल्या स्त्रियाही तसं म्हणत नाहीत. पण ज्या देशात पोलीस ठाण्यात जायला बाई धजावत नाही तो देश या यादीत तळाला बसून स्वीडनकडे बोट दाखवतो, हे दृश्य मला किळसवाणं वाटतं.

चांगल्या गोष्टींच्या यादीत नेमकं उलटं घडतं. तिथे नोंद ढिली असली की विक्रम होतो. २०१० मध्ये टोकियोतले सर्वात वयस्कर पुरुष समजले जाणारे १११ वर्षांचे गृहस्थ सुमारे ३० वर्षांपूर्वीच घरात मरण पावले होते आणि घरचे लोक त्यांचं निवृत्तिवेतन घेत होते, असं उघड झालं. मग जपानच्या कायदा मंत्रालयाने कौटुंबिक नोंदवह्या तपासल्या. शंभरी ओलांडलेली पण ठावठिकाणा नसलेली २ लाख ३४ हजार माणसं त्यांत 'जिवंत' सापडली, काही तर दीडशेच्याही वर. आयुर्मानाचा हिशेब या वह्यांवरून होत नाही, त्यामुळे जपानच्या दीर्घायुष्याला त्याने धक्का बसला नाही. धक्का बसला तो शतायुषींच्या दंतकथांना. सॉल न्यूमन या संशोधकाने अमेरिकेचा अभ्यास करून दाखवलं की जन्मदाखल्याची पद्धत जिथे आली तिथे ११० वर्षांवरच्या माणसांच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घसरल्या. या कामासाठी त्याला २०२४ मध्ये इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार. दीर्घायुषी प्रदेशांचा पुरस्कार करणारे अभ्यासक त्याचे निष्कर्ष मान्य करत नाहीत, आमची वयं तपासून घेतलेली आहेत असं म्हणतात. वाद चालू राहील. पण दाखला आला आणि म्हातारे गायब झाले, याला दुसरं काय म्हणायचं?

प्रामाणिक मोजणीची शिक्षा देशाला नुसत्या बदनामीच्या रूपाने मिळते. मोजणाऱ्या माणसाला ती खरोखरची मिळते. जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत संघाने जनगणना केली. स्टालिनने १९३४ मध्येच पक्षाच्या अधिवेशनात लोकसंख्या १६ कोटी ८० लाख झाल्याचं सांगून टाकलं होतं. त्यानंतर तीन वर्षांनी केलेली मोजणी १६ कोटी २० लाखांवर थांबली. १९३२-३३ च्या दुष्काळात मेलेले लाखो लोक त्या तफावतीत होते. सरकारने जे नाकारलं होतं ते प्रगणकांच्या तक्त्यांनी कबूल केलं. निकाल दडपले गेले. जनगणनेच्या प्रमुखांना अटक झाली आणि गोळ्या घातल्या गेल्या. दोन वर्षांनी पुन्हा जनगणना झाली आणि लोकसंख्या १७ कोटी भरली. नव्या अधिकाऱ्यांना मोजता येत होतं की नाही कोण जाणे, ऐकू मात्र व्यवस्थित येत होतं.

हे हुकूमशाहीतलं झालं म्हणून सोडून देता येत नाही. ग्रीसमध्ये २०१० मध्ये सांख्यिकी कार्यालयाची सूत्रं आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्याकडे आली. त्यांनी २००९ ची वित्तीय तूट जीडीपीच्या १५.४ टक्के असल्याचं जाहीर केलं, आणि युरोपीय महासंघाच्या सांख्यिकी यंत्रणेने तो आकडा ग्राह्य धरला. त्याआधी ग्रीसच्या आकड्यांवर ही यंत्रणा वर्षानुवर्षं शंका घेत आली होती. पुढे खटले कोणावर चालले? जॉर्जिऊंवर. त्यांनी तूट मुद्दाम फुगवून देशाचं नुकसान केलं, असा आरोप. एका खटल्यातून सुटका, तोवर दुसरा उभा, असं अनेक वर्षं चाललं. २०१७ मध्ये तर आकडा आधी कार्यालयाच्या मंडळाच्या मतदानाला टाकला नाही म्हणून त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. तूट किती हे मतदानाने ठरवायचं, ही कल्पना ज्या देशाने लोकशाही जन्माला घातली तिथूनच यावी! अर्जेंटिनाने वेगळा रस्ता धरला. २००७ मध्ये सरकारने सांख्यिकी संस्थेतली महागाई मोजणारी माणसं हटवली आणि महागाई कागदावर उतरली. बाजारात ती उतरली नाही. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आकडेवारीच्या कारणावरून अर्जेंटिनाची निंदा करणारा ठराव केला. निधीने असा ठराव कुठल्याही देशाविरुद्ध पहिल्यांदाच केला होता. हाही एक विक्रम. याद्यांत सहसा दिसत नाही.

क्रमवारी हेच ध्येय झालं की काय होतं, याचा नमुना जागतिक बँकेने स्वतःच पेश केला. व्यवसायसुलभतेची तिची क्रमवारी दरवर्षी निघायची आणि सरकारं तिच्यासाठी खास पथकं नेमायची. भारत काही वर्षांत १४२ व्या क्रमांकावरून ६३ वर आला, त्याचे सोहळे झाले. काही सुधारणा खऱ्या होत्या. काही फक्त ज्या एक-दोन शहरांत बँक मोजमाप करते तिथल्यापुरत्या. मग चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं बँकेच्याच तपासात निघालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्रमवारी कायमची बंद झाली. तिच्या जोरावर केलेली भाषणं मागे घेतली गेली नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. क्रमवारी नसेल तर सरकारांना लाज कशी वाटणार? जर्मनीला आपल्या शाळांचा केवढा अभिमान होता. २०००च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीचे निकाल २००१ च्या अखेरीस आले आणि जर्मनी सरासरीच्याही खाली निघाला. वर असंही दिसलं की गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मुलांच्या गुणांतली दरी तिथे फार रुंद आहे. देश हादरला. दिवसभराच्या शाळा, राष्ट्रीय पातळीवरचे मापदंड, स्थलांतरितांच्या मुलांची भाषा, हे विषय त्या धक्क्यातून पुढे आले. हा आक्षेप मला मान्य आहे. पण जर्मनीला उपयोग झाला तो क्रमांकाचा नव्हे. तीच प्रश्नपत्रिका, तेच वय, ठरलेल्या रीतीने निवडलेली मुलं. अंश आणि छेद एकाच जातीचे होते. आणि आकडा आल्यावर जर्मनीने परीक्षकावर खटला भरला नाही.

तेव्हा मागणी 'याद्या बंद करा' अशी नाही. मागणी साधी आहे, आणि वर्तमानपत्रांनी, पाठ्यपुस्तकांनी, संसदेतल्या उत्तरांनी ती उद्यापासून पाळली तरी चालेल. दरडोई आकडा छापला तर छेदात कोण आहे ते त्याच ओळीत छापावं. गुन्हे, रोग, मृत्यू यांची तुलना करताना प्रत्येक देश कशाला गुन्हा म्हणतो आणि कशाला मृत्यू म्हणतो ते सांगावं. सांगता येत नसेल तर तुलना करू नये. ज्या देशाने आकडा सुधारून वर नेला, त्याच्या नावापुढे तसं लिहावं, म्हणजे पेरूचा पहिला नंबर आणि खरोखर हाताबाहेर गेलेल्या देशाचा पहिला नंबर वाचकाला वेगळे दिसतील. आणि सर्वात महत्त्वाचं, ज्यांनी आकडाच दिला नाही त्यांना यादीतून वगळू नये. त्यांची नावं कोऱ्या रकान्यांसकट सर्वात वर छापावीत. आज गप्प बसणाऱ्याला बक्षीस मिळतं, कारण न मोजलेली गोष्ट कुठल्याच यादीत खराब दिसत नाही.

असे कोरे रकाने थोडेथोडके नाहीत. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ मध्ये झाली. एप्रिल २०२३ मध्ये भारत जगातला सर्वाधिक लोकसंख्येचा देश झाल्याचं संयुक्त राष्ट्रसंघाने सांगितलं, त्या महिन्याअखेरचा आकडाही शेवटच्या माणसापर्यंत दिला: १,४२,५७,७५,८५०. तेव्हा भारताची शेवटची शिरगणती २०११ ची होती. २०२१ ची आधी साथीमुळे आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ होत पुढे गेली, आणि आता २०२७ साठी अधिसूचित झाली आहे. मानवी इतिहासातला बहुधा सर्वात मोठा विक्रम एका देशाने दुसऱ्याकडून घेतला, तो अंदाजावर. यात संयुक्त राष्ट्रसंघाचा दोष नाही, त्यांची पद्धत उत्तम आहे आणि दिशा चुकलेली असणं कठीण. पण त्या साडेआठशेमधला शेवटचा पन्नास कुठून आला हे कोणी विचारलं नाही.

या सगळ्यांवर कडी लेबनॉनची आहे. तिथे शेवटची जनगणना १९३२ मध्ये झाली, फ्रेंच अमलाखाली. तिच्यात ख्रिश्चन थोडे जास्त भरले, आणि त्या आधारावर संसदेतल्या जागा सहास पाच या प्रमाणात वाटल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, अशी रीत पडली. पंधरा वर्षांचं यादवी युद्ध झालं, त्यानंतरच्या करारात जागांचं प्रमाण निम्मं-निम्मं झालं, पण माणसं पुन्हा मोजली गेली नाहीत. मोजली तर तीन पदांपैकी कोणाचं तरी समर्थन कोसळेल हे सगळ्या पक्षांना ठाऊक आहे, आणि न मोजण्यावर त्यांचं एकमत आहे. नव्वदहून जास्त वर्षं शिरगणती न करण्याचा हा विक्रम कुठल्याही गमतीदार यादीत सापडणार नाही. दरडोई आकड्यांच्या याद्यांत मात्र लेबनॉन दरवर्षी असतो, दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांसह.